पायथन लायब्ररीसाठी स्वयंचलित बिल्ड आणि टेस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं गिटहबवर ठेवलेल्या आणि पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात) प्रकाशित होणाऱ्या पायथन लायब्ररीला धरून दिली आहेत. उदाहरणं बहुतेक देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीची आहेत, म्हणजे आकडा अक्षरी लिहिणं, अकारविल्हे यादी लावणं, अक्षरं मोजणं वगैरे. या कामात अशा काही चुका निघतात, ज्या इंग्रजी मजकुरावर टेस्ट करणाऱ्याला जन्मात दिसणार नाहीत. कमांड, फाइल आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये.

माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात. मग रनरवर (गिटहबच्या यंत्रावर) परत कशाला चालवायच्या?

लॅपटॉपवर तुमच्या कोडखेरीज बरंच काही साठलेलं असतं: कधीकाळी इन्स्टॉल केलेलं एखादं पॅकेज, गिटमध्ये घालायची राहून गेलेली फाइल, शेलमध्ये कायमचं बसलेलं एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. रनर दर खेपेला कोरी पाटी घेऊन सुरू होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी सापडणाऱ्या चुका जवळपास ठरलेल्या असतात. डिपेंडन्सी वापरली पण जाहीर केली नाही, शब्दयादीची फाइल कमिट केली नाही, किंवा फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर विंडोजने चालवून घेतलं आणि लिनक्सने घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट. पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्या अशा विनंतीवर, रनर नुसती तुमची ब्रँच तपासत नाही. ती मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज केली तर काय होईल, त्या तात्पुरत्या मर्ज कमिटवर तो टेस्ट चालवतो. म्हणून ब्रँचवर हिरवं आणि पुल रिक्वेस्टवर लाल, असं दिसू शकतं. मर्ज कॉन्फ्लिक्ट असेल तर वर्कफ्लो (रनरने करायच्या कामांची यादी) सुरूच होत नाही, आणि लोक रनरला दोष देत बसतात.

कमीत कमी किती सेटअप पुरेसा आहे?

आधी सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप होणारं बिल्ड आणि टेस्टिंग) विसरा. नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा, त्यात लायब्ररी तिच्या टेस्ट-डिपेंडन्सीसह पिपने इन्स्टॉल करा आणि पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) चालवा. हे एका दमात झालं नाही तर रनरवरही होणार नाही, आणि तिथे शोधायला दसपट वेळ जाईल.

मग रिपोमध्ये डॉट-गिटहब फोल्डर, त्यात वर्कफ्लोज फोल्डर, आणि त्यात टेस्ट डॉट वायएमएल ही यामल स्वरूपातली फाइल. ट्रिगर दोन: मेनवरचा पुश आणि कुठलीही पुल रिक्वेस्ट. जॉब एक, स्टेप चार: चेकआउट, सेटअप-पायथन, पिप इन्स्टॉल, पायटेस्ट. यात दोन ओळी पहिल्याच दिवशी घाला. एक, परमिशन्समध्ये कंटेंट्स: रीड, म्हणजे जॉबला रिपोत लिहिण्याचा हक्कच राहत नाही. दुसरी, टाइमआउट-मिनिट्स: १५. हे सांगितलं नाही तर अडकलेला जॉब ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास, तसाच पडून राहतो.

पहिल्यांदा हिरवा टिक आला की थांबू नका. एका टेस्टमधलं अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकवा, पुश करा आणि लाल फुली येते का ते बघा. ही दोन मिनिटांची खात्री न केलेले सेटअप वर्षानुवर्षं काहीच न तपासता हिरवे राहतात. त्याची कारणं पुढे येतीलच.

कोड एसआरसी फोल्डरमध्ये ठेवा, असं का सांगतात?

पॅकेजचं फोल्डर रिपोच्या मुळाशी असेल आणि तुम्ही पायथन डॅश-एम पायटेस्ट असं चालवलं, तर चालू फोल्डर इम्पोर्टच्या शोधयादीत सर्वांत पुढे बसतं. टेस्ट मग समोरच्या फोल्डरमधला कोड वापरतात. इन्स्टॉल झालेल्या पॅकेजकडे कोणी बघतही नाही. परिणाम असा की शब्दयादीची जेसन फाइल व्हीलमध्ये (इन्स्टॉल होणाऱ्या तयार पॅकेज फाइलमध्ये) गेलेलीच नसते, टेस्ट हिरव्या, आणि रिलीजनंतर पहिल्याच वापरकर्त्याकडे ‘फाइल सापडली नाही’. एसआरसी फोल्डर मध्ये घातलं की हा चोरमार्ग बंद होतो.

त्याहून पक्का मार्ग म्हणजे जे प्रकाशित करणार तेच तपासायचं. पायथन डॅश-एम बिल्ड ही कमांड आधी सोर्स डिस्ट्रिब्यूशन बनवते आणि मग त्यातूनच व्हील बनवते, त्यामुळे सोर्समधून गळलेली फाइल तिथेच उघडी पडते. तयार झालेलं व्हील इन्स्टॉल करा आणि त्यावर टेस्ट चालवा. ट्वाइन चेकही त्याच जॉबमध्ये ठेवा. रीडमी पायपीआयवर नीट दिसेल का, हे ते आधीच सांगतं.

यामलमध्ये ‘पायथन ३.१०’ लिहिलं, पण ३.१ शोधतोय असं का म्हणतो?

अवतरणचिन्हं राहिली. यामल ३.१० ला दशांश संख्या समजतो आणि शेवटचं शून्य टाकून देतो. सगळ्या आवृत्त्या अवतरणात लिहा. टॅब चालत नाही, फक्त स्पेस. कमिट करण्यापूर्वी ॲक्शनलिंट (वर्कफ्लो फाइल तपासणारं साधन) चालवायची सवय लावली तर असले बहुतेक घोळ लॅपटॉपवरच संपतात.

किती पायथन आवृत्त्यांवर आणि किती ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासायचं?

पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि साधारण पाच वर्षं तिला दुरुस्त्या मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. म्हणजे कुठल्याही वेळी साधारण पाच आवृत्त्या जिवंत असतात.

पाच आवृत्त्या गुणिले तीन सिस्टिम, असे १५ जॉब होतात. मॅट्रिक्समध्ये (आवृत्ती आणि सिस्टिमच्या जोड्यांच्या तक्त्यात) २५६ जॉबपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून भरायचे नसतात. शुद्ध पायथन लायब्ररीला लिनक्सवर पाचही आवृत्त्या आणि विंडोज-मॅकवर फक्त सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी, असे नऊ जॉब पुष्कळ झाले. मधल्या आवृत्तीत आणि फक्त मॅकवरच निघणारी चूक इतकी विरळा, की तिच्यासाठी दर पुशला रांगेत थांबणं परवडत नाही.

फेल-फास्ट आठवणीने बंद करा. ते मुळात चालू असतं आणि एक जॉब पडला की बाकीचे रद्द करतं. चूक फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, हेच तर तुम्हाला बघायचं असतं.

सिस्टिमच्या नावापुढचा ‘लेटेस्ट’ आपोआप सरकतो. उबुंटू-लेटेस्ट २४.०४ वर गेलं तेव्हा २२.०४ मधली सिस्टिम पॅकेजेस गृहीत धरणारे जॉब एकही कमिट न होता पडले. सिस्टिम पॅकेजवर अवलंबून असाल तर आवृत्ती नावानिशी लिहा. नसाल तर लेटेस्ट ठीक.

लिनक्स आणि मॅकवर पास, विंडोजवर मात्र युनिकोड-डीकोड-एरर. चूक कोणाची?

तुमची, आणि ती सापडली हे बरं झालं. ओपन किंवा रीड-टेक्स्टला एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं एन्कोडिंग घेतं. लिनक्स-मॅकवर ते यूटीएफ-८ असतं, इंग्रजी विंडोजवर सीपी-१२५२. या जुन्या कोडपेजमध्ये पाच बाइट रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि तिसरा बाइट या पाचांपैकी निघाला की एरर येते. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. ‘ए’चा ८एफ, ‘झ’चा ९डी.

आता खरी गोम बघा. ‘पुणे’ वाचताना एरर येते, कारण त्यात ऱ्हस्व उकार आहे. ‘पाणी’ वाचताना काहीच येत नाही, कारण त्याचे बाराही बाइट सीपी-१२५२ मध्ये कुठल्या ना कुठल्या चिन्हाला बसतात, आणि तुमच्या हातात निमूटपणे लॅटिन चिन्हांचा कचरा पडतो. टेस्टमध्ये फक्त ‘पाणी’, ‘घर’, ‘आई’ असे सरळ शब्द असतील आणि तपासणी ‘रिकामं नाही ना’ एवढीच असेल, तर विंडोजवरही टिक हिरवाच येईल. टेस्टच्या डेटात जोडाक्षर आणि ऱ्हस्व उकार हवाच, तो यासाठी.

उपाय एकच: फाइल उघडण्याच्या प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. राहून गेलेली ठिकाणं शोधायला पायथन ३.१० पासून सोय आहे. पायथन-वॉर्न-डीफॉल्ट-एन्कोडिंग हे व्हेरिएबल १ करा आणि पायटेस्टला एन्कोडिंग-वॉर्निंगलाच एरर धरायला सांगा. मग विंडोज रनरची वाटही बघावी लागत नाही, लिनक्सवरच ती जागा सापडते.

पायथन-यूटीएफ-८ हे व्हेरिएबल १ करून रनर गप्प करता येतो. तसं करू नका. रनरवर टिक हिरवा होईल, वापरकर्त्याचं विंडोज होतं तसंच राहील. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट करायचं पेप ६८६ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मध्ये ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या वापरणारे त्यानंतरही बरीच वर्षं असतील.

छापतानाचीही अशीच एक एरर आहे. विंडोजच्या खिडकीत मराठी नीट छापलं जातं, पण तेच आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये वळवलं की सीपी-१२५२ परत येतो. रनरवर आउटपुट नेहमी वळवलेलंच असतं. कमांड-लाइन टूल देत असाल तर आउटपुटचं एन्कोडिंगही स्वतः ठरवा.

मराठी मजकुरासाठी टेस्टमध्ये नेमके कोणते शब्द घालावेत?

शब्दांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रकार वाढवा. हे प्रकार तरी हवेतच.

‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: नुक्ता असलेला ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात, पण तुलना केली तर वेगळ्या. एनएफसी नॉर्मलायझेशन (समान मजकूर एकाच रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत) त्यांना एक करत नाही. एनएफसी फक्त सुटा र आणि सुटा नुक्ता जोडून एकसंध ऱ करतं. क़, ज़ यांच्या बाबतीत ते उलटं वागतं, एकसंध अक्षर फोडून मूळ व्यंजन आणि नुक्ता वेगळे करतं. दोन्ही वागणुकींवर एकेक टेस्ट असू द्या.

‘ॲ’ हे २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, स्वतंत्र चिन्ह म्हणून आलं. अ पुढे अर्धचंद्र लावूनही ते दिसतं, आणि हे दोन युनिकोडच्या दृष्टीने समान नाहीत. ‘ॲप’ शोधलं आणि सापडलं नाही, अशा तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असतं.

लांबी: ‘मराठी’ची पायथनमधली लांबी ५, वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरं ३. रेग्युलर एक्स्प्रेशन: पायथनच्या मूळ आरई मॉड्यूलमधलं ‘डब्ल्यू’ काना-मात्रा ओळखत नाही, त्यामुळे ‘पाणी’मधून ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हाती येतात. क्रम: नुसतं सॉर्टेड वापरलं तर ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो, कारण कोड पॉइंटांचा क्रम तसा आहे, वर्णमालेत तो ‘ह’नंतर. अंक: इंट ‘१२३’ला बिनतक्रार १२३ समजतं. ते तुम्हाला हवं असो वा नसो, टेस्टमध्ये नोंद राहू द्या.

झीरो-विड्थ-जॉइनर टेस्टमध्ये थेट टाइप करू नका, एस्केप स्वरूपात लिहा. अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळतं आणि रिव्ह्यू करणाऱ्याला कळतही नाही.

‘क्ष’ची अक्षरसंख्या एका पायथनवर १ आणि दुसऱ्या सेटअपवर २ येते. टेस्ट चुकीची आहे का?

नाही, नियम बदलला आहे. दृश्य अक्षरं कशी तोडायची, याच्या नियमात सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ ने भारतीय लिप्यांतल्या जोडाक्षरांसाठी भर घातली. त्याआधी ‘क्ष’ हलन्तानंतर तुटत असे, आता एकसंध धरला जातो. आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) ७४ पासून हे आलं. पायथनमधली युनिकोड तक्त्यांची आवृत्तीसुद्धा सरकत असते: ३.१२ मध्ये १५.०, ३.१३ मध्ये १५.१, ३.१४ मध्ये १६.०.

तुमच्या लायब्ररीचं उत्तर कुठल्या नियमाने येतं, हे दस्तऐवजात लिहा आणि ज्या पॅकेजवर ते अवलंबून आहे त्याची किमान आवृत्ती जाहीर करा. जॉबच्या सुरुवातीला युनिकोड-डेटाची आवृत्ती लॉगमध्ये छापणारी एक ओळ घाला. पुढे कधीतरी तासभर वाचेल.

सिस्टिमच्या मराठी लोकेलवर अवलंबून राहू नका. रनरवर तो तयार नसतो, लोकेल-जेनने बनवावा लागतो, आणि विंडोजवर सगळा प्रकारच निराळा.

टिक हिरवा आहे, पण लायब्ररी मोडलेली आहे. हे होतंच कसं?

सरळसरळ होतं, आणि कारणं बहुधा यांतली असतात.

पायटेस्टचं आउटपुट टी कमांडला पाइप करून फाइलमध्ये ठेवलं जातं. शेल न सांगता लिनक्स रनरवर बॅश ‘डॅश-ई’ने चालतं, पण पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर सगळं पडलं असं धरणं) चालू नसतं. पाइपमधली शेवटची कमांड टी, ती यशस्वी, म्हणून स्टेपही यशस्वी. स्टेपवर ‘शेल: बॅश’ एवढं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल आपोआप लागू होतं. एका ओळीचा फरक आहे.

विंडोजवर मूळ शेल पॉवरशेल. तिथे एका स्टेपमध्ये तीन कमांड लिहिल्या आणि पहिली पडली, तरी शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो. टेस्टची कमांड एकटी ठेवा, किंवा तिथेही बॅश वापरा.

पुढचा प्रकार ब्रँच प्रोटेक्शनमधला, म्हणजे मर्जपूर्वी कुठल्या तपासण्या आवश्यक, या नियमातला. मॅट्रिक्समधल्या जॉबची नावं आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून लोक शेवटी एक ‘सगळं ठीक’ जॉब ठेवतात, बाकी सगळ्यांवर अवलंबून असलेला, आणि तेवढाच आवश्यक म्हणून नोंदवतात. कल्पना चांगली, पण आधीचा जॉब पडला की हा जॉब वगळला जातो, आणि वगळलेला आवश्यक जॉब गिटहबच्या लेखी पास असतो. लाल पुल रिक्वेस्ट सरळ मर्ज होते. म्हणून या जॉबला ‘इफ: ऑलवेज’ लावा आणि आतमध्ये प्रत्येक आधीच्या जॉबचा निकाल सक्सेस आहे का, हे तपासून नसेल तर तो स्वतः पाडा.

याच्या उलटही होतं. पाथ-फिल्टरमुळे पूर्ण वर्कफ्लोच सुरू झाला नाही, तर आवश्यक तपासणी पेंडिंग राहते आणि रीडमीतली चूक दुरुस्त करणारी पुल रिक्वेस्ट आठवडाभर अडकते. आवश्यक वर्कफ्लोला पाथ-फिल्टर लावू नका.

मग चिकटपट्ट्या: कंटिन्यू-ऑन-एरर, ओळीच्या शेवटी ‘ऑर ट्रू’, तात्पुरता म्हणून लावलेला स्किप. पायटेस्टला ‘डॅश आरए’ दिलं की किती टेस्ट का वगळल्या, ते लॉगच्या शेवटी छापलं जातं. एक्सफेल-स्ट्रिक्ट चालू ठेवा, म्हणजे पडायला हवी असलेली टेस्ट पास झाली तर तेही कळतं. आणि टेस्टची एकूण संख्या अधूनमधून बघा. फाइलचं नाव ‘टेस्ट_’ने सुरू किंवा ‘_टेस्ट’ने संपत नसेल तर पायटेस्ट ती मुळात उचलतच नाही. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट कोड ५ देऊन पडतं, पण २०० पैकी ४० गळल्या तर ते काही बोलत नाही.

एखादी टेस्ट कधी पास होते, कधी पडते. काय करायचं?

पुन्हा चालवा बटण दाबण्याआधी घड्याळ बघा. रनर यूटीसीवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात भारतात तारीख बदललेली असते आणि रनरवर नसते. ‘आजची तारीख’ वापरणारी टेस्ट रात्री जागून काम करणाऱ्यालाच सतावते, ती यामुळे. टेस्टमध्ये वेळ बाहेरून द्या किंवा गोठवा, आणि टाइमझोन स्पष्ट लिहा.

दुसरा संशयित क्रम. स्ट्रिंगच्या सेटचा क्रम दर वेळी बदलू शकतो, आणि फोल्डरमधल्या फाइलींच्या यादीचा क्रम सिस्टिमगणिक वेगळा. तुलना करण्यापूर्वी क्रम लावा. पायटेस्ट-रँडमली लावलं तर एकमेकींवर टेकलेल्या टेस्टही सापडतात. लॉगमध्ये छापलेला सीड देऊन तोच क्रम लॅपटॉपवर पुन्हा चालवता येतो.

नेटवर्क लागणाऱ्या टेस्ट वेगळ्या काढा आणि पुल रिक्वेस्टवर चालवू नका. पडली की आपोआप तीनदा चालवणारा प्लगइन हा शेवटचा उपाय. त्याने आजार जात नाही, ताप तेवढा दिसेनासा होतो.

कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेला कोड) किती टक्के हवं?

आकड्यामागे लागू नका. ब्रँच-कव्हरेज (इफ-एल्सच्या दोन्ही वाटा मोजणारं) चालू करा, आज जो आकडा आहे तो फेल-अंडरमध्ये लिहा आणि तो खाली येऊ देऊ नका. एवढं पुरे.

सगळं फार हळू चालतंय.

आधी लॉगमध्ये प्रत्येक स्टेपला किती वेळ लागतो ते वाचा. टेस्टना ४० सेकंद आणि इन्स्टॉलला तीन मिनिटं, असं असेल तर टेस्ट समांतर करून उपयोग नाही. सेटअप-पायथनमधला पिप कॅश चालू करा. तो डाउनलोड वाचवतो, इन्स्टॉल नाही, हे ध्यानात ठेवा. सात दिवस कोणी न वापरलेला कॅश काढून टाकला जातो. पिपऐवजी यूव्ही वापरलं तर इन्स्टॉलचा वेळ बराच खाली येतो.

कन्करन्सी ग्रुप करून ‘चालू असलेलं रद्द कर’ लावा, म्हणजे एकामागून एक तीन पुश केले तर पहिले दोन रन थांबतात. हे मेन आणि रिलीजच्या वर्कफ्लोला लावू नका, फक्त पुल रिक्वेस्टला. टेस्टच जड असतील तर त्या समांतर चालवणारा एक्सडिस्ट. सार्वजनिक रिपोच्या लिनक्स रनरला चार प्रोसेसर मिळतात.

सार्वजनिक रिपोला साधे रनर फुकट आहेत. खाजगी रिपोला फ्री प्लॅनमध्ये महिन्याला २,००० मिनिटं मिळतात आणि प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला धरला जातो. वीस सेकंदांचे १५ जॉब म्हणजे पाच नव्हे, १५ मिनिटं.

कोड बदलला नाही तरी रोज रात्री टेस्ट का चालवायच्या?

तुमचा कोड तसाच असला तरी ज्यांवर तो उभा आहे ती पॅकेजेस बदलतात. लायब्ररीने डिपेंडन्सीला वरची मर्यादा उगाच घालू नये, नाहीतर वापरकर्त्याच्या दुसऱ्या पॅकेजशी भांडण होतं. मर्यादा नाही म्हणजे नव्या आवृत्तीचा फटका कधीही बसू शकतो, आणि तो वापरकर्त्याआधी तुम्हाला कळलेला बरा.

क्रॉनची (वेळापत्रकाची) वेळ मुळात यूटीसीत असते. २१:४७ लिहिलं तर आपल्याकडे पहाटेचे ३:१७. तासाच्या ठोक्यावर गर्दी असते आणि रन लांबतात, म्हणून मिनिट आडनिडं घ्या. वारही सांभाळा: आपली सोमवारची पहाट यूटीसीत रविवारच असते. वेळापत्रकाचे रन फक्त डीफॉल्ट ब्रँचवर होतात, आणि सार्वजनिक रिपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब ते बंद करतं. शांत, पक्क्या झालेल्या लायब्ररीला नेमका इथेच फटका बसतो.

याच वेळापत्रकात दुसरं टोकही तपासा. यूव्हीला ‘लोएस्ट-डायरेक्ट’ सांगून तुम्ही जाहीर केलेल्या सर्वांत जुन्या आवृत्त्यांवर टेस्ट चालवा. पायप्रोजेक्टमध्ये (लायब्ररीची माहिती असलेल्या फाइलमध्ये) ‘२.० पासून पुढे’ असं लिहिलेलं अनेकदा कोणीच कधी तपासलेलं नसतं.

अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टवर आपले टेस्ट चालवणं धोक्याचं नाही का?

पुल-रिक्वेस्ट या साध्या ट्रिगरवर नाही. फोर्कमधून (दुसऱ्याच्या खात्यातल्या रिपोच्या प्रतीतून) आलेल्या रनला तुमची सीक्रेट्स (गुप्त किल्ल्या) मिळत नाहीत आणि टोकन फक्त वाचू शकतं. पुल-रिक्वेस्ट-टार्गेट हा वेगळा ट्रिगर आहे. तो मूळ रिपोच्या हक्कांनी, सीक्रेट्ससह चालतो. त्यात फोर्कचा कोड चेकआउट करून टेस्ट चालवणं म्हणजे घराची किल्ली पत्त्यासकट दारावर लटकवणं. टेस्टसाठी तो वापरूच नका.

पुल रिक्वेस्टचं शीर्षक किंवा ब्रँचचं नाव रन-स्टेपमध्ये थेट घालू नका. ते शेलमध्ये जसंच्या तसं उतरतं आणि शीर्षकात कमांड लिहिणारे लोक आहेत. आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या, मग वापरा.

दुसऱ्यांच्या ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायच्या तयार स्टेप) टॅगने नव्हे, तर कमिटच्या ४० अक्षरी हॅशने बांधा. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही ॲक्शन हल्लेखोरांच्या हाती गेली. त्यांनी जुने टॅगच विषारी कमिटकडे वळवले आणि २३,००० हून अधिक रिपो वापरत असलेली ती ॲक्शन सीक्रेट्स लॉगमध्ये ओतू लागली. सार्वजनिक रिपोचे लॉग सगळ्यांना दिसतात. हॅशने बांधलेल्यांच्या पायाखालून टॅग सरकला तरी त्यांना फरक पडत नाही. हॅश ताजे ठेवायचं काम गिटहबचा डिपेंडाबॉट करतो.

पायपीआयवर आपोआप रिलीज कसं करायचं?

पासवर्ड किंवा कायमचं टोकन रिपोत ठेवायची गरज एप्रिल २०२३ पासून राहिलेली नाही. तेव्हा पायपीआयने ट्रस्टेड पब्लिशिंग सुरू केलं. पायपीआयवर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी नोंदवा: मालक, रिपो, वर्कफ्लो फाइलचं नाव, एन्व्हायर्नमेंटचं नाव. प्रकाशनाच्या जॉबला आयडी-टोकन: राइट हा हक्क द्या. रनच्या वेळी पायपीआय १५ मिनिटांचं टोकन देतं. पुढे कधी वर्कफ्लो फाइलचं नाव बदललं तर पायपीआयवरही बदला, नाहीतर रिलीजच्या दिवशीच अडाल.

बिल्ड आणि प्रकाशन हे दोन वेगळे जॉब करा आणि मधली फाइल आर्टिफॅक्ट म्हणून पाठवा. बिल्डमध्ये बाहेरचा कोड चालतो, त्याच्या हाती प्रकाशनाचा हक्क नको. एन्व्हायर्नमेंटला माणसाची मंजुरी लावा.

आवृत्ती गिट टॅगवरून काढत असाल तर चेकआउटमध्ये फेच-डेप्थ ० करा. मुळात तो एकच कमिट आणतो, टॅग आणत नाही, आणि पॅकेज ०.१-डेव्ह-१ सारख्या नावाने तयार होतं. अशी फाइल एकदा पायपीआयवर गेली की तिचं नाव जळलं. पुसली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही. पहिला प्रयोग टेस्ट-पायपीआयवर करा.

वर्कफ्लोनेच टॅग पुश केला आणि रिलीजचा वर्कफ्लो सुरूच झाला नाही? रनच्या स्वतःच्या टोकनने केलेला पुश दुसरे वर्कफ्लो सुरू करत नाही. हा बिघाड नाही, अनंत फेऱ्या टाळण्यासाठी तसं ठेवलं आहे.

लायब्ररीत सी किंवा रस्टचा भाग आहे.

सीआयबिल्डव्हील वापरा. तिन्ही सिस्टिमची, सगळ्या आवृत्त्यांची व्हील्स ते बनवतं आणि प्रत्येकावर टेस्टही चालवतं. दर पुशला नको, रिलीजला आणि आठवड्यातून एकदा. लिनक्सची व्हील्स हाताने बनवून चढवायचा प्रयत्न करू नका. मेनीलिनक्स किंवा मुसललिनक्स टॅग नसलेलं लिनक्स व्हील पायपीआय स्वीकारतच नाही.

गिटहब वापरायचं नसेल तर?

गिटलॅबवर हेच सगळं डॉट-गिटलॅब-सीआय फाइलमध्ये लिहितात. फोर्जेयो (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी गिट सेवा) हिची रचना गिटहबच्या बरीच जवळ आहे. टेस्टची खरी कमांड नॉक्स किंवा टॉक्समध्ये (टेस्ट चालवण्याच्या पायथन साधनांत) ठेवा आणि यामलमधून फक्त ती एक कमांड बोलवा. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिस सीआयने दर बदलले तेव्हा ज्यांनी असं केलं होतं ते अर्ध्या दिवसात हलले. ज्यांचं सगळं लॉजिक यामलमध्ये होतं त्यांना मात्र तेच पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं.

काल हिरवं होतं, आज लाल आहे, कोड तोच. कुठून सुरुवात करू?

लॉगच्या तळापासून वर जाऊ नका. पहिली एरर शोधा, बाकीच्या बहुतेक तिची पिल्लं असतात. मग कालच्या हिरव्या रनचा आणि आजच्या लाल रनचा लॉग शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी जुळवा: रनर इमेजची आवृत्ती, पायथनची नेमकी आवृत्ती आणि पिप फ्रीझची (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजेसची) यादी. पिप फ्रीझ लॉगमध्ये छापत नसाल तर आजच ती स्टेप घाला, इन्स्टॉलनंतर लगेच. फरक तिन्हींत नसेल तर डीबग लॉगिंग चालू करून तोच रन पुन्हा चालवा. तेव्हा पास झाला, तर वर घड्याळ आणि क्रमाबद्दल लिहिलेलं परत वाचा.